नसण्याच्या नाना तऱ्हा

आळंदीत ज्ञानदेवांनी चालवलेली म्हणून दाखवतात ती भिंत आजही उभी आहे. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटीला निघाले. इकडे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई भिंतीवर बसले होते. वाघाला सामोरं जायचं तर आपल्याकडे वाहन कुठलं? म्हणून ज्ञानदेवांनी भिंतीलाच चालायला सांगितलं. ही कथा ठाऊक नसलेला माणूस मराठी मुलुखात सापडणं अवघड.

चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने मागे या भिंतीपाशी उभं राहून मला फोन केला. बरोबर जर्मनीहून आलेले एक वयस्कर इंजिनिअर होते. "मामा, ह्यांना सगळी गोष्ट सांगितली. आता ते विचारतात, म्हणजे नक्की काय? मी काय म्हणू? फिक्शनल? फिक्टिशस? इमॅजिनरी? फेक तर माझ्या तोंडून निघणार नाही."

"लेजेंडरी म्हण," मी म्हटलं, "आणि आधी त्यांना चहा पाज."

उत्तर घाईत दिलं होतं, पण प्रश्न भारी होता. खरं नसलेल्या, रचलेल्या, कल्पिलेल्या गोष्टींसाठी इंग्रजीत विशेषणांचा मोठा गोतावळा आहे. शब्दकोश उघडला तर एकाचा अर्थ म्हणून दुसरा दिलेला असतो आणि दुसऱ्याचा म्हणून पहिला. मराठी माध्यमातली मुलं मग सगळ्यांपुढे 'काल्पनिक' लिहून मोकळी होतात. प्रत्यक्षात यातल्या प्रत्येक शब्दाची हद्द वेगळी आहे. गोष्ट कोणी रचली, कुणाला फसवण्यासाठी रचली की सगळ्यांच्या संमतीने, ती डोळ्यांना दिसते की नुसती मनात असते, असली तर तिने काही बिघडतं का, यावर शब्द ठरतो. हे बारकावे शिकायला आळंदीसारखं गाव नाही. 'नाही' म्हणजे नेमकं कसं नाही, याचा इतका कसून विचार केलेला ग्रंथकार याच गावात समाधिस्थ आहे.

आधी लेजेंडरी. मूळ लॅटिन शब्द 'लेजेंडा', म्हणजे वाचायच्या गोष्टी. युरोपातल्या चर्चमध्ये एखाद्या संताचा दिवस आला की त्याचं चरित्र मोठ्याने वाचलं जाई. ते चरित्र म्हणजे लेजेंड. अशा चरित्रांचा सर्वांत गाजलेला संग्रह 'लेजेंडा ऑरिया', म्हणजे सुवर्णकथा, इटलीतल्या याकोबुस द वोराजिने या धर्मगुरूने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केला. हा गृहस्थ १२९८ मध्ये वारला. ज्ञानदेवांची संजीवन समाधी १२९६ ची. म्हणजे तिकडे संतांच्या चमत्कारकथा लॅटिनमध्ये गोळा होत होत्या त्याच काळात इकडे नेवाशाला, १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी पुरी होत होती. आपल्याकडे तसा संग्रह पुढे महिपतीबुवा ताहराबादकरांनी केला. त्यांचा 'भक्तविजय' १७६२ चा, आणि तोही देवळांतून वाचण्यासाठीच. लेजेंडा या शब्दाचा अर्थ ताहराबादच्या माणसाला समजावून सांगावा लागला नसता.

लेजेंडरी हा शब्द खरं-खोटं ठरवत बसत नाही. ही गोष्ट वाचण्या-ऐकण्यातून आपल्यापर्यंत आली, एवढंच तो सांगतो. तिच्यातली माणसं बहुधा खरीच असतात; त्यांचे गाव-शक-ग्रंथ असतात. मिथिकल वेगळं. ते समुद्रमंथनाला शोभतं, जिथे इतिहासाचं पाऊलच पोचत नाही. ज्यांचा ग्रंथ हातात आहे, ज्याचा शक ठाऊक आहे, अशा माणसाला मिथिकल म्हणणं ही चूकच. ज्ञानदेवांनी पैठणला रेड्यामुखी वेद वदवले, ही कथा लेजेंडरी. त्या कथेतलं पैठण नव्हे.

जाता जाता एक गंमत. फॅब्युलस, फँटॅस्टिक, इन्क्रेडिबल हे सगळे शब्द मुळात 'विश्वास ठेवू नका' असं सांगणारे. आज ते शाबासकी झाले आहेत. आपल्याकडेही हेच झालं. 'अफलातून' म्हणजे मूळचा ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो, अरबी-फारसीतून आपल्याकडे उतरलेला. आपल्या आदर्श नगरीतून कवींना बाहेर काढायला निघालेला तो कडक माणूस, आणि आपण त्याचं नाव झणझणीत मिसळीला देतो.

आता फिक्शनल आणि फिक्टिशस. दोन्ही एकाच पोटातले, पण स्वभाव वेगळे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजे फुरसुंगीचा फास्टर फेणे, हा फिक्शनल. फुरसुंगी पुण्याजवळ खरी आहे, पोरगा मात्र पुस्तकातला आहे, आणि हे लेखकालाही ठाऊक, वाचकालाही ठाऊक. फसवणूक कुणाचीच नाही. आता समजा, आळंदीतल्या एखाद्या लॉजवर कुणी उतरला आणि आपलं खरं नाव लपवून त्याने रजिस्टरमध्ये लिहिलं, 'बनेश फेणे, मु. पो. फुरसुंगी'. अक्षरं तीच, माणूसही तोच नसलेला. पण रजिस्टरमध्ये पडताक्षणी ते नाव फिक्टिशस झालं. खोटा पत्ता, नसलेला खातेदार, कागदावरचं दुकान, यांना इंग्रजी कायदा आणि बँका फिक्टिशस म्हणतात. नसलेली वस्तू असलेल्यांच्या रांगेत गुपचूप उभी केली की हा शब्द लागतो.

याच घरातला तिसरा भाऊ फिक्टिव. हा फारसा ऐकू येत नाही, पण मानववंशशास्त्रात त्याला मोठा मान. रक्ताचं नसलेलं पण नात्याच्या नावाने चालणारं नातं ते लोक 'फिक्टिव किनशिप' म्हणून सांगतात. आषाढी वारी निघताना आळंदीत या, हे शास्त्र पायी चालताना दिसेल. विशी-एकविशीत समाधी घेतलेल्या एका तरुणाला सारा महाराष्ट्र 'माउली' म्हणतो, आई म्हणतो. दिंडीत पाणी देणारा माउली, धक्का लागला तो माउली, वाट अडवणारा पोलीसही माउली. सत्तरीचे आजोबा नातवाच्या वयाच्या पोराच्या पाया पडतात आणि पोरगा त्यांच्या. हे नातं खोटं म्हणायची कुणाची छाती आहे? आणि रक्ताचं आहे असाही कुणाचा दावा नाही.

यासाठी मराठीकडे एक शब्द आहे आणि माझ्या मते तो इंग्रजीतल्या सगळ्या गोतावळ्याला पुरून उरतो: मानलेला. मानलेला भाऊ, मानलेली बहीण. खरा-खोटा या वादातच न पडता, आपण ठरवलं म्हणून झालं, एवढं सांगणारा हा शब्द. सरकारी मराठीनेही तो उचलला. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या सूचनाफलकावर 'मानीव अभिहस्तांतरण' वाचायला मिळतं. बोलताना लोक 'डीम्ड कन्व्हेयन्स' म्हणतात. बिल्डरने जमिनीचं खरेदीखत करून द्यायचं टाळलं, तर १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्यातल्या सोयीनुसार सोसायटी उपनिबंधकांकडे जाते, आणि ठरलेल्या चौकशीनंतर, बिल्डरची सही नसतानाही जमीन सोसायटीच्या नावावर होते. जे घडलं नाही ते घडलं असं मानायचं. डीम्ड हे असं विशेषण. वकील त्याला 'लीगल फिक्शन' म्हणतात, पण त्यात थापेचा अंशही नसतो. सगळे डोळे उघडे ठेवून मानतात. देवस्थानच्या जमिनीची मालक म्हणून देवता कागदावर येते तीही याच वाटेने. कायदा मूर्तीला माणूस समजत नाही, व्यक्ती मानतो.

वारीतच आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. पालखी सोहळ्यासाठी बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व येतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर खोगीर असतं, सजावट असते, स्वार नसतो. तो माउलींचा अश्व. रिंगणात हे दोघे सुटले की लाखांचा समुदाय श्वास रोखून पाहतो, आणि घोडा पुढे गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतो. त्या रिकाम्या खोगिरावरच्या स्वाराला इंग्रजीत इमॅजिनरी म्हणता येईल का? मला नाही वाटत. इमॅजिनरी हा एकट्याचा शब्द आहे. लहान मुलाचा न दिसणारा मित्र इमॅजिनरी, कारण तो त्या एका डोक्यात राहतो. लाखो लोक ज्याच्यासाठी वाट मोकळी करतात आणि दरवर्षी ज्याच्यासाठी एक घोडा अंकलीहून चालत येतो, तो डोक्यातून केव्हाच बाहेर पडलेला असतो.

आता फिक्शनल, फिक्टिशस, फिक्टिव या तिघांच्या मुळाकडे जाऊ, कारण मला थक्क केलं ते तिथे. लॅटिनमध्ये 'फिंगेरे' असा धातू आहे. अर्थ: माती मळून आकार देणे. कुंभार करतो ते. त्यातून फिक्शन आलं, फिगर आलं, सोंग घेणं या अर्थाचं फेन आलं. म्हणजे गोष्ट रचणं हे मूळचं चिखलकाम. भाषाशास्त्रज्ञांनी हा धागा आणखी मागे नेला, तेव्हा त्याचा संस्कृत भाऊबंद सापडला: 'दिह्', म्हणजे माखणे, लिंपणे. त्यातून आपला 'देह'. त्यातूनच 'संदेह' आणि 'संदिग्ध', एकात एक माखून गेल्याने वेगळं न ओळखता येणारं. इंग्रजीतला कणकेचा गोळा, 'डो', तोही याच कुळातला. आणि ऋग्वेदात याच धातूपासून झालेला आणखी एक शब्द येतो, 'देही'. संतवाङ्मयातला देहधारी आत्मा या अर्थाचा देही नव्हे. हा स्त्रीलिंगी शब्द असून त्याचा अर्थ मातीचा बांध, तटबंदी.

थोडक्यात, भिंत. ग्रीक भाषेत या कुळातला 'तैखोस' हा शब्द सरळ तटाच्या भिंतीसाठीच वापरतात. प्राचीन इराणी भाषेत 'भोवती भिंत घातलेली जागा' असा जो शब्द होता तो ग्रीकमध्ये जाऊन पॅराडाइस झाला आणि अरबी-फारसीत फिरदौस. देह, संदेह, कणीक, स्वर्ग, भिंत आणि फिक्शन ही एका मातीची भांडी. भिंत चालली की नाही हे भाषाशास्त्र सांगू शकत नाही. पण 'भिंत' या अर्थाचे शब्द कथेच्या घरातून निघून तीन खंडांत चालत गेले, हे मात्र ते पुराव्यानिशी सांगतं.

इथवर सगळ्या रचलेल्या गोष्टी झाल्या. पण कुणीही न रचता एखादी गोष्ट खोटी दिसते तेव्हा काय? वैशाखात दुपारी चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्याला लागा. पुढे डांबरावर पाणी चमकताना दिसतं, गाडी जवळ गेली की ते आणखी पुढे सरकतं. मृगजळ. याला इंग्रजीत इल्यूजरी म्हणतात, आणि इमॅजिनरीपासून ते कोसभर दूर आहे. तापलेल्या डांबरालगतची हवा गरम होऊन विरळ होते, वरची त्यामानाने गार आणि दाट. आकाशातून तिरका खाली येणारा प्रकाश या थरांतून जाताना वाकत वाकत पुन्हा वर वळतो आणि आपल्या डोळ्यांत शिरतो. आपण रस्त्यावर पाहतो तो आकाशाचा तुकडा असतो. म्हणून मृगजळाचा फोटो निघतो. कॅमेऱ्याला भ्रम होत नाही. प्रकाश खरा, प्रतिमा खरी. 'पाणी' हा आपला निष्कर्ष तेवढा खोटा.

हा फरक वेदान्ताने फार पूर्वी नोंदवून ठेवला आहे. मृगजळ, दोरीवर भासलेला साप, शिंपल्यात दिसलेली चांदी हे 'प्रातिभासिक': काही काळ दिसतं, नीट पाहिलं की जातं. आणि सशाचं शिंग, आकाशाचं फूल, वांझेचा मुलगा हे 'तुच्छ': कधी दिसलं नाही, दिसणारही नाही, फक्त शब्दांना शब्द जोडले म्हणून झालं. इंग्रजी कोश इथे नॉन-एग्झिस्टंट म्हणून थांबतो. इल्यूजरी माणसाला रानोमाळ पळवतं. हरणाचा जीव जातो त्यात. नॉन-एग्झिस्टंट कुणालाच पळवत नाही. सशाच्या शिंगाने आजवर कुणालाही ओरखडा उठलेला नाही.

ज्ञानेश्वरीच्या पंधराव्या अध्यायात वर मुळं आणि खाली फांद्या असलेल्या संसारवृक्षाचं लांबलचक वर्णन आहे. झाड इतकं रंगवून सांगितल्यावर ते तोडायचं कसं, हा प्रश्न येतो, आणि ज्ञानदेव तिथे वाचकाला गाठतात. सशाचं शिंग मोडायला आधी ते असायला नको का? वांझेच्या लेकाची जन्मपत्रिका कुठून मांडणार? म्हणजे झाडावर कुऱ्हाड चालवायचीच नाही. झाड नव्हतं हे कळणं हीच कुऱ्हाड. नॉन-एग्झिस्टंट या कोरड्या विशेषणातून एवढं नाट्य काढणारा लेखक मला दुसरा ठाऊक नाही.

युरोपात या प्रश्नाला खरी धार आली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. १९०४ मध्ये अलेक्सियस माइनाँग या ऑस्ट्रियन तत्त्वज्ञाने म्हटलं की सोन्याचा डोंगर नसला तरी तो सोन्याचाच आहे. गोल चौकोनाबद्दलही आपण बोलू शकतो, म्हणजे विचाराचा विषय म्हणून त्यालाही काही जागा द्यावी लागेल. बर्ट्रांड रसेलला हे मुळीच रुचलं नाही. १९०५ मध्ये त्याने 'फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे' या वाक्याची चिरफाड केली. फ्रान्सला राजाच नाही. मग वाक्य खरं की खोटं? रसेलचं उत्तर: वाक्य उसवा. 'फ्रान्सला सध्या एक राजा आहे, एकच आहे, आणि तो टकला आहे' असे त्याचे तुकडे पडतात. पहिलाच तुकडा खोटा, म्हणून सगळं खोटं. नसलेल्या राजाला कुठेही बसवावं लागलं नाही.

आपल्या नैयायिकांनी हीच शिवण सशाच्या शिंगावर आधीच उसवली होती. 'सशाचं शिंग नाही' या वाक्यात 'सशाचं शिंग' नावाच्या वस्तूबद्दल काही म्हटलेलंच नाही, असं ते सांगतात. ससा आहे. शिंगंही आहेत, बैलाच्या डोक्यावर. वाक्याचा अर्थ इतकाच की सशाच्या ठायी शिंगाचा अभाव आहे. रसेलला ससा भेटला असता तर कदाचित त्याने राजाला त्रास दिला नसता.

पण या सगळ्यांत मला सर्वांत विलक्षण वाटते ती एक मासोळी. 'अमृतानुभव' हा ज्ञानदेवांचा स्वतंत्र ग्रंथ, आणि त्यातलं सातवं, सर्वांत मोठं प्रकरण अज्ञानखंडनाचं. अज्ञान नावाची काही वस्तू आहे, तिने ज्ञान झाकलं आहे, असं मानण्याची रीत होती. ज्ञानदेव विचारतात, ही वस्तू राहते कुठे? ज्ञानाजवळ राहील तर तिथे टिकणार नाही. ज्ञानाशिवाय राहील तर आहे हे कळणार कुणाला? आणि इथे ते मिठाची मासोळी काढतात. मिठाची केलेली मासोळी जिवंत झाली असं धरा. पाण्यात सोडली तर विरघळेल, पाण्याबाहेर ठेवली तर मासोळी म्हणून मरेल. सोन्याचा डोंगर निदान असू शकला असता. वांझेचा मुलगा शब्दांतच अडतो. मिठाची मासोळी डोळ्यांपुढे स्वच्छ उभी राहते, शेपटी हलवते, आणि तिला जगायला विश्वात एक जागा मिळत नाही. इंग्रजीत हिला इम्पॉसिबल म्हणतील. शब्द बरोबर आहे, पण मासोळी दिसत नाही.

इमॅजिनरीकडे परत यायला हवं, कारण गणितात त्याने सगळ्यांना चकवलं. उणे एकचं वर्गमूळ काढता येत नाही असं शाळेत शिकवतात. सोळाव्या शतकात इटालियन गणिती ते काढून, मधल्या पायऱ्यांत वापरून, बरोबर उत्तरं मिळवू लागले. १६३७ मध्ये देकार्तने अशा मुळांना इमॅजिनरी म्हटलं. त्यात कौतुक नव्हतं. ते नाव चिकटलं. पुढे गाउससारख्या माणसाने कुरकुर केली की नाव वेगळं, 'बाजूचा' या अर्थाचं दिलं असतं तर एवढं गूढ वाढलंच नसतं. आपणही 'काल्पनिक संख्या' म्हणून ते गूढ जपलं.

आणि ही काल्पनिक संख्या चाकण-भोसरीच्या प्रत्येक शेडमध्ये कामाला आहे. मोटर चालते तेव्हा विद्युतप्रवाह दाबाच्या मागे रेंगाळतो. हे रेंगाळणं मोजायला इंजिनिअर काल्पनिक एकक वापरतात, फक्त त्याला आय न म्हणता जे म्हणतात, कारण आय हे अक्षर प्रवाहाला दिलेलं असतं. वीज मग दोन भागांत मांडली जाते: वास्तव भाग, जो यंत्र फिरवतो, आणि काल्पनिक भाग, जो नुसता मागे-पुढे हेलपाटे घालतो, पण तारा आणि ट्रान्सफॉर्मर अडवून ठेवतो. पॉवर फॅक्टर घसरला की महावितरणचं बिल फुगतं, म्हणून कारखानदार पॅनेलशेजारी कपॅसिटर बँक बसवतात. काल्पनिकाने खऱ्या पैशांना चाट लावायला नको म्हणून.

व्हर्च्युअलचं भाषांतरही असंच फसलं आहे. आरशातली प्रतिमा 'आभासी', इथवर ठीक. पडद्यावर ती घेता येत नाही. पण व्हर्च्युअलच्या पोटात लॅटिन 'विर' आहे, आपल्या 'वीर'चा सख्खा भाऊ. आकार नसला तरी अंगी बळ आहे, असा तो शब्द. टाळेबंदीत ज्या 'आभासी' सभा झाल्या त्यांतले ठराव आभासी नव्हते. लोकांच्या नोकऱ्या गेल्या त्यात. भासण्यावर भर देऊन आपण त्यातला वीरच काढून टाकला.

फेक, काउंटरफिट, डमी, बोगस ही मंडळी मात्र अगदी वेगळी. ही सगळी खरीखुरी असतात. हातात धरता येतात, वजन असतं, खिसा कापतात. नकली ब्रेक लायनर काल्पनिक असता तर कुणाचा अपघात झाला नसता. काउंटरफिट म्हणजे मुद्दाम हुबेहूब, नोट किंवा शिक्का. डमी मात्र प्रामाणिक. गाडीच्या धडक-चाचणीत माणसाच्या जागी बसून मार खाणारा पुतळा, कुणाला फसवत नाही. परीक्षेला दुसऱ्याच्या नावाने बसणारा डमी उमेदवार हा मराठी वर्तमानपत्रांनी डमीला दिलेला नवा धंदा. बोगसचा जन्म अमेरिकेत, १८२७ च्या सुमारास, खोटी नाणी पाडण्याच्या यंत्राचं नाव म्हणून झाला. आज बोगस बियाणे, बोगस डॉक्टर, बोगस मतदार असा त्याचा खरा संसार महाराष्ट्रात थाटला आहे.

राहिला स्पुरिअस. औषधांच्या १९४० च्या कायद्यात या शब्दाला स्वतंत्र कलम आहे. भेसळीचं औषध वेगळं, चुकीच्या लेबलचं वेगळं आणि दुसऱ्याचं नाव लावून विकलेलं स्पुरिअस वेगळं. बातमीत तिन्हींना 'बनावट' म्हणतात. पण शब्दाचं मूळ औषधात नाही. रोमन कायद्यात 'स्पुरिअस' म्हणजे ज्याचा जन्म समाजाने मान्य केलेला नाही असं मूल. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत पडलेली, शुद्धिपत्रासाठी पैठणला पाठवलेली आळंदीची चार भावंडं आठवल्याशिवाय मला आता हा शब्द वाचता येत नाही.

पुस्तकांच्या जगात स्पुरिअस म्हणजे मूळ लेखकाचा नसलेला, मागाहून घुसडलेला मजकूर. आपण क्षेपक म्हणतो. ज्ञानेश्वरी तीनशे वर्षं हातांनी नकलली गेली, तेव्हा तिच्यात असे पाठ शिरलेच. कथा सांगते की एकनाथांना स्वप्नात ज्ञानदेव दिसले, म्हणाले अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे, ती काढ. नाथ आळंदीला आले, समाधीत शिरले आणि मुळी सोडवली. ही कथा लेजेंडरी. त्यानंतर नाथांनी केलं ते काम मात्र कुठल्याही विद्यापीठाने शिकवावं असं आहे. त्यांनी ग्रंथाच्या प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या, पाठ शुद्ध केले, आणि पुढे कुणी स्वतःची ओवी यात मिसळू नये म्हणून शेवटी कडक ताकीद लिहून ठेवली. हे काम शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पुरं झालं. आळंदीच्या पारायणात आज बहुतेकांच्या हाती असते ती ज्ञानेश्वरी याच शुद्ध केलेल्या प्रतीच्या परंपरेतली आहे.